कोप्प्याच्या अण्णांना

आदरणीय अण्णा,

सप्रेम नमस्कार.

डिसेंबरात तीर्थहळ्ळीकडून आलेलं कोल्हापूरचं कुटुंब तुमच्या कॉफीच्या दुकानासमोर उतरलं होतं. काठी टेकत चालणारे माझे बाबा, घाटाच्या वळणांनी पोटात ढवळत असलेली आई, आणि एकामागून एक प्रश्न विचारणारी मी. तुमच्या सूनबाई निपाणीच्या आहेत, म्हणून हे पत्र मराठीतच लिहिते आहे. त्या वाचून दाखवतील. चारचौघांनी वाचावं असं उघडं मुद्दाम लिहिते आहे, कारण मलनाडात, म्हणजे कर्नाटकातल्या या डोंगराळ मुलखात, गाडी घेऊन जाणाऱ्या आमच्याकडच्या माणसांना तुमच्यासारख्या दुकानांपाशी थांबायचं सुचावं अशी माझी फार इच्छा आहे.

आधी अम्मांचे आभार. आईचा चेहरा पाहून त्यांनी काही न विचारता तिला हात धरून मागच्या घरात नेलं. हातपाय धुवायला गरम पाणी दिलं, आल्याचा तुकडा मिठाला लावून दिला आणि पंख्याखाली बसवलं. रस्त्यावर बाईमाणसाला स्वच्छ मोरी मिळणं ही केवढी मोठी गोष्ट असते हे प्रवास करणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. आम्ही तोवर तुमचे गिऱ्हाईकसुद्धा नव्हतो.

तुमचं दुकान म्हणजे जेमतेम एक खोली. भाजायचा ड्रम, पट्ट्यावर चालणारी चक्की, भिंतीला लावलेली पोती. बाबा पोत्यांकडे बघत राहिले तेव्हा तुम्ही एक वाळलेलं फळ आईच्या तळहातावर ठेवलंत आणि नखाने फोडून दाखवलंत. वरचं काळपट साल, आत पिवळसर टणक टरफल, त्याच्या आत चांदीच्या वर्खासारखा पापुद्रा, आणि मग एकमेकांना पाठ लावून नव्हे, सपाट बाजूंनी चिकटून बसलेल्या दोन हिरवट बिया. एखाद्या फळात एकच गोल बी धरते, तिला पीबेरी म्हणतात, हेही तेव्हाच कळलं. फळातला गर काढून, धुऊन वाळवलेली ती पार्चमेंट आणि अख्खं फळ वाळवलेली ती चेरी. रस्त्याने येताना घरांपुढच्या खळ्यांवर आम्ही दोन्ही पाहिल्या होत्या, पण काय पाहतोय ते कळत नव्हतं. परतीच्या वाटेवर आई गाडीतून बोट दाखवून सांगत होती, "ही चेरी, ती पार्चमेंट."

आता जायफळाबद्दल, कारण खरे आभार मला त्याचे मानायचे आहेत.

आमच्या घरात कॉफी म्हणजे आटवलेलं दूध, साखर आणि वर किसलेलं जायफळ. एकादशीला, कोजागरीला, कुणाला झोप येत नसली तर रात्री. आईने तुम्हाला हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, कॉफीतच जन्म गेलेला माणूस आता नाक मुरडणार. तुम्ही उलट अम्मांना हाक मारून घरातलं जायफळ आणि किसणी मागवलीत, आईला तिच्या पद्धतीने कॉफी करायला लावली आणि घोट घोट घेत संपवलीत. मग स्पष्ट सांगितलंत की जायफळ आधी लागतं, कॉफी मागे राहते, कारण पूड हलकी आहे. शुद्ध कॉफीच प्या, असा उपदेश तुम्ही केला नाहीत. भरपूर दुधाला आणि जायफळाला पुरून उरेल अशी, रोबस्टा ही कॉफीची कडक जात जास्त असलेली पूड तुम्ही आईसाठी वेगळी दळलीत, सत्तर टक्के कॉफी आणि तीस टक्के चिकोरी. बाबांना कडक आणि कमी दुधाची हवी होती, त्यांना अरेबिका ही दुसरी जात घालून ऐंशी-वीस. माझ्या मते कारागीर ओळखावा तो इथे. समोरचा काय पितो ते त्याने आधी ऐकून घेतलं पाहिजे.

चिकोरीबद्दलचा माझा गैरसमजही तुम्हीच काढलात. मी तिला भेसळ समजत होते. ते एक मूळ असतं, गुजरातेत जामनगरकडे पिकतं, भाजून दळलं की डिकॉक्शनला, म्हणजे फिल्टरमधून उतरलेल्या कॉफीच्या अर्काला, रंग आणि दाटपणा येतो, आणि मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असलीच पाहिजे, प्रमाण पाकिटावर छापलंच पाहिजे, असा नियम आहे. तेव्हापासून पाकिटाची मागची बाजू वाचल्याशिवाय मी पूड घेत नाही.

बाबांशी तुमच्या गप्पा रंगल्या त्या कॉफी बोर्डावरून. १९४२ च्या कायद्यानंतर कितीतरी वर्षं बागायतदाराला आपलं पीक बोर्डाच्या साठ्यात द्यावं लागे, आपल्या मळ्यातली कॉफी आपणच विकायची सोय नव्हती, आणि हे बंधन टप्प्याटप्प्याने १९९६ पर्यंत सुटलं. बाबांची सगळी नोकरी सहकारी संस्थेत गेली, त्यामुळे त्यांना यात फार रस. आमच्याकडे चिखलदऱ्यालाही कॉफी होते हे त्यांनी सांगितलं तेव्हा तुमचा पहिला प्रश्न होता, "उंची किती?" अकराशे मीटरच्या आसपास म्हटल्यावर तुम्ही समाधानाने मान हलवलीत.

आणि तो कागद! पुडीच्याच खाकी कागदावर तुम्ही आमची पुढची वाट लिहून दिलीत. आम्ही शृंगेरीहून थेट मोठ्या रस्त्याला लागणार होतो. तुम्ही म्हणालात, बाळेहोन्नूर, आल्दूर, चिकमगळूर, मूडिगेरे, कोट्टिगेहारा असे जा, आणि प्रत्येक गावात बसस्टँडजवळच्या जुन्या हॉटेलात, सकाळी किंवा चारच्या सुमाराला, ताजं डिकॉक्शन उतरतं तेव्हाच थांबा. तसंच केलं. बाळेहोन्नूरला १९२५ पासून चालत आलेलं कॉफी संशोधन केंद्र आहे आणि तांबेऱ्याला तोंड देणारी एस ७९५ ही जात तिथली, हे तुमच्याकडून कळलं नसतं तर ते गाव आमच्यासाठी भद्रेवरचा नुसता एक पूल ठरलं असतं. आल्दूरला शेजारच्या बाकावर मळ्यातले कामगार बसले होते आणि त्या दिवशी किती तोडणी झाली याचीच चर्चा चालली होती. चिकमगळूरहून बाबाबुडनगिरीच्या डोंगरावर गेलो. येमेनहून बाबाबुडन यांनी सात बिया आणल्या अशी जी कथा सांगतात, ती आईने ड्रायव्हरकडून दोनदा ऐकली. मूडिगेरेतली कॉफी मला सगळ्यांत आवडली. स्टीलचा पेला, खालची खोलगट वाटी, वर बोटभर फेस, आणि तुम्ही शिकवल्याप्रमाणे "सक्करे कम्मी" म्हटल्यावर साखर खरोखरच कमी. बाबा आणि मी प्रत्येक ठिकाणी बाय टू, म्हणजे एक कॉफी दोघांत, घेत गेलो, म्हणून एवढी गावं चाखता आली.

कोट्टिगेहाऱ्याला नीर डोसा खाल्ला आणि चार्माडी घाट उतरून किनाऱ्याने घरी आलो. हायवेवर पुढे मोठमोठी चकचकीत कॉफीची दुकानं लागली. बाबांनी गाडी थांबवू दिली नाही.

तुमच्याकडून घेतलेला पितळी फिल्टर आता रोज चालतो. पूड भरून वरची चकती हलकीच ठेवायची, दाबायची नाही, नाहीतर पाणी उतरत नाही. उकळी बसल्यावरचं पाणी गोल फिरवत ओतायचं, झाकण घालायचं आणि मध्येच उघडून बघायचं नाही. दूध वेगळं तापवायचं, डिकॉक्शन मात्र पुन्हा उकळायचं नाही. हे तुम्ही तीन भाषा मिसळून, दोन्ही हातांनी करून दाखवलंत आणि बाहेर दोन गिऱ्हाइकं ताटकळत असताना घाई केली नाहीत. विकत घेतलं आम्ही जेमतेम पाऊण किलो. तेवढ्यासाठी कुणी आपली अख्खी दुपार देत नाही, अण्णा. तुम्ही दिलीत, त्याबद्दल आम्हा तिघांकडून मनापासून आभार.

आईची पूड संपली आहे. अर्धा किलो सत्तर-तीस आणि अर्धा किलो ऐंशी-वीस, दोन्ही फिल्टरला चालेल अशी दळून, पुड्यांवर नावं घालून पार्सलने पाठवा. पैसे सूनबाईंच्या नंबरवर टाकते. आणि मार्च-एप्रिलमध्ये पहिला पाऊस झाला की लगेच फोन करा. पावसानंतर आठ-दहा दिवसांत मळे पांढऱ्या फुलांनी भरतात असं तुम्ही म्हणाला होतात. बाबांना तेव्हा यायचं आहे, आणि आई अम्मांसाठी कोल्हापूरचा गूळ घेऊन येणार आहे.

तुमची,
कोल्हापूरची जायफळवाली मंडळी