मका इथेनॉलला, शेतकरी कर्जाला: पेट्रोलियम मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय पेट्रोलियम मंत्री यांस,
सविनय नमस्कार.

सिल्लोड तालुक्यातला मी मका उत्पादक. मागच्या आठवड्यात मका १,५५० रुपये क्विंटलने विकला. २०२५-२६ चा हमीभाव २,४०० आहे. व्यापारी म्हणाला, ओलावा जास्त आहे. हमीभाव केंद्रावर नोंदणी केली होती, पण बोलावणं आलंच नाही. पोरीची फी तटलेली, खत-औषधाची उधारी डोक्यावर. पोती घरात ठेवून थांबणार कसा?

अन्नदाता ऊर्जादाता होणार, हे तुमच्याच सरकारचे शब्द. त्यावर विसंबून कपाशी सोडली आणि बांधापर्यंत मका पेरला. पेट्रोलमध्ये मिसळायच्या मक्याच्या इथेनॉलला तेल कंपन्या लिटरमागे ७१.८६ रुपये देतात. क्विंटलभर मक्यातून साधारण ३८ लिटर निघतं, म्हणजे २,७०० रुपयांच्या वर. कारखान्याचा खर्च असतो हे कळतं मला. तरी पाणी कुठे मुरतंय? वर २०२४-२५ साठी भारतीय अन्न महामंडळाचा ५२ लाख टन तांदूळ तुमच्या सरकारनं इथेनॉलला मंजूर केला. सरकारी तांदूळ हाताशी असताना कारखानदार माझ्या मक्याला भाव कशाला देईल? इथेनॉल काढून उरलेला चोथा पशुखाद्यात स्वस्तात जातो, त्यानं सोयापेंडीचा उठाव घटला. शेजारचा सोयाबीनवालाही बुडाला.

आणि जमीन? मक्यावर मका घेतोय, युरियाची पोती वाढतात. २०१८ पासून लष्करी अळी आहे, फवारणी करून अंगाची आग होते. उसाचं तर बोलूच नका. उसापासून एक लिटर इथेनॉल काढायला साधारण २,८६० लिटर पाणी लागतं, असं नीती आयोगानंच २०२१ मध्ये लिहिलंय. ज्या मराठवाड्यात उन्हाळ्यात टँकर फिरतात, तिथं हा हिशेब कुणी मांडला?

२०१८ च्या जैवइंधन धोरणात काड, ताटं, पाचट यांपासून इंधन करायचं म्हटलं होतं. पानिपतला २०२२ मध्ये भाताच्या तणसापासून इथेनॉल काढणारा प्रकल्प झालाही. आमच्याकडे कपाशीच्या पऱ्हाट्या अजून बांधावर जळतात आणि खायचं धान्य टाकीत जातं. आधी पऱ्हाट्या घ्या. धान्य घ्यायचंच असेल, तर हमीभावाची पावती दाखवल्याशिवाय एकाही कारखान्याचं इथेनॉल उचलू नका.

डिसेंबर २०२३ मध्ये एका आदेशानं उसाच्या रसाचं इथेनॉल बंद, आठवड्याभरात मर्यादा घालून परत चालू. धोरण दिल्लीत फिरतं, पेरणी मात्र आम्ही जून महिन्यातच करून बसलेलो असतो. भाव पडला की तुम्ही कृषी खात्याकडे बोट दाखवता, ते राज्याकडे, राज्य पुन्हा केंद्राकडे. मतं मागताना सगळे एकाच गाडीतून येता. माझ्या क्विंटलमागचे ८५० रुपये या तिघांपैकी कोण देणार, ते लेखी कळवा.

आपला,
एक मका उत्पादक शेतकरी