बाबूचा दगड

प्रिय मंदा,

आईचे गुडघे तसेच, बाकी सगळे ठीक. हे पत्र बाबूच्या दगडासाठी. दुसरं कुणी म्हणेल, दगडाचं काय एवढं घेऊन बसलीस.

बाबू ओमानहून कायमचा परत आलाय. सलालाहून मस्कतला येताना जिद्दत अल-हरासीसच्या माळावर गाडी थांबली होती. पांढऱ्या चुनखडीवर हा एकटाच काळा दगड. मुठीत मावणारा, कडा गोलसर, वर बोटं दाबल्यासारखे उथळ खळगे. त्यानं उचलून बॅगेत टाकला. अशनीला, म्हणजे आकाशातून पडलेल्या दगडाला, लाखो रुपये मिळतात, असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलंय. त्या पैशांत बाजारात गाळा घ्यायचा म्हणतो.

आपण खाणींच्या डिचोलीच्या पोरी, मला आधी लोहखनिजच आठवलं. टाईलच्या मागच्या खडबडीत बाजूवर घासून पाहिला. हेमॅटाइट असता तर तांबडी रेघ उठली असती, मॅग्नेटाइट असता तर काळी. उठली जेमतेम करडी. सराफाच्या काट्यावर 412 ग्रॅम भरला, मापाच्या पेल्यात पाणी 118 मिलिलिटर चढलं. म्हणजे घनता साडेतीनच्या आसपास. चुनखडीची 2.7, हेमॅटाइटची 5 च्या वर. भाचा लोहचुंबक घेऊन धावत आला, त्याला हाकललं. जोरदार चुंबक लावला की दगडानं जपलेली जुनी चुंबकीय खूण पुसली जाते. होकायंत्र जवळ नेलं, सुई वळली. (हो, तेच होकायंत्र. ते माझंच आहे.)

लोखंडाच्या भट्टीतली धातुमळी म्हणावी तर बुडबुड्यांचं एकही भोक नाही. नुसत्या काळ्या रंगावर विसंबले नाही, वाळवंटातल्या साध्या दगडांवरही लोह-मँगनीजचा काळा थर चढतो. पण एका कोपऱ्याचा टवका आधीच उडालाय. तिथं भिंगातून बारीक गोल दाणे दिसतात, मधूनमधून धातूचे ठिपके. मंदा, असे दाणे साडेचार अब्ज वर्षांपूर्वीचे असतात, पृथ्वी पुरती घडण्याआधीचे! लोणारची तुझी काच इथल्याच बेसाल्टची, अशनीच्या आघातानं वितळलेली, हे मी आजही म्हणते. मग परतीच्या गाडीत बोलली नाहीस तरी चालेल. हा मात्र वरून आलेला, माझी जवळजवळ खात्री आहे. अशनीतल्या धातूत निकेल असतं, ते तपासलं की पक्कं होईल. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत (पीआरएल) अशनींवर काम चालतं, तिथं विचारावं म्हणते.

आणि त्यानंच झोप उडालीय. ओमानमधून अशनी परवानगीशिवाय बाहेर नेता येत नाही, तो त्या देशाचा ठेवा. परत द्यायलाच हवा, यात मला शंका नाही. पण कंपनीनं बाबूचे शेवटचे पगार थकवले, इतक्या वर्षांचं म्हणून हातात आलं ते एवढंच. साधा दगड निघाला असता तर चार दिवस हिरमुसला असता. आता मी सांगायचं, की दगड खरा आहे म्हणूनच तुझा नाही. माझं ऐकेल तो, पण मग गप्प बसेल. त्याचं गप्प बसणं तुला माहीत आहे. तू सांगितलंस तर भांडेल तरी. लहानपणापासून तो तुझ्याशीच मोकळा भांडतो.

सईचा निकाल छान लागला म्हणे, तिला शाबासकी. नव्या घरात पाणी येतं ना?

चवथीपर्यंत थांबू नकोस, त्याआधी ये. पातोळ्या तेव्हाही करीन. दहा पटीचं भिंग आण, माझ्या भिंगावर ओरखडे पडलेत. दगड बघायला कुणी गिऱ्हाईक येणार आहे, बाबूनं त्याला पुढच्या रविवारचा शब्द दिलाय.

तुझी,
शैला