साहाय्यक प्रशिक्षक म्हणजे वजनं उचलून ठेवणारा नव्हे

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

केटलबेल (वर हँडल असलेला लोखंडी गोळा, थोडक्यात ‘बेल’) शिकवणारे प्रशिक्षक होऊ पाहणाऱ्यांसाठी दोन-तीन दिवसांच्या प्रमाणपत्र शिबिरांच्या जाहिराती आता सर्रास दिसतात. फोटो मुख्य प्रशिक्षकाचा असतो, पण दिवसभर शिकणाऱ्याच्या शेजारी उभा असतो तो साहाय्यक. अनेक आयोजक त्याला सगळ्यात शेवटी आणि ‘फुकटात कोण येतंय’ एवढंच पाहून बोलावतात. त्याबद्दल हे पत्र.

2001 साली पावेल त्सात्सुलिन यांनी अमेरिकेत आरकेसी (रशियन केटलबेल चॅलेंज) हा प्रशिक्षक-अभ्यासक्रम सुरू केला. त्या परंपरेत आज रुळलेला साचा म्हणजे सहा प्रकार: स्विंग (कमरेतून वाकून बेल पायांमधून मागे नेऊन पुढे झोकणं), गेट-अप (बेल एका हातात वर धरून झोपलेल्या स्थितीतून उभं राहणं), क्लीन (बेल खालून खांद्याशी आणणं), प्रेस (खांद्यापासून डोक्यावर ढकलणं), स्क्वॉट (बेल घेऊन बैठक) आणि स्नॅच (पायांमधून एका झोक्यात थेट डोक्यावर नेणं), आणि त्यावर पाच मिनिटांत 100 स्नॅचची परीक्षा. पुरुषांना साधारण 24 किलो, स्त्रियांना 16. वय आणि शरीराचं वजन पाहून त्यात बदल होतो. (हे आकडे पूड या जुन्या रशियन वजनाच्या मापावरून आले. एक पूड 16.38 किलो, म्हणून 24 म्हणजे जवळपास दीड पूड.)

साहाय्यकाचं काम पहिला माणूस यायच्या आधीच सुरू होतं. प्रत्येक हँडलवरून बोट फिरवायचं. ओतकामाची खरखर लागली तर पॉलिश पेपरने घासायची, नाहीतर दुपारपर्यंत कुणाचा तरी तळहात फाटतो. घामाने ओली झालेली गुळगुळीत फरशी ही दुसरी कटकट: रबरी मॅट हवी आणि पाय अनवाणी किंवा सपाट तळाच्या बुटात. दोन रांगांमध्ये किमान दोन मीटर अंतर आणि स्विंगच्या समोरच्या रेषेत कुणीही नाही. स्वतः साहाय्यकही नाही. त्याने बाजूला, थोडं तिरकं उभं राहायचं. कंबर कुठे मोडते आणि गुडघे किती वाकतात, हे तिथूनच दिसतं.

आता स्विंगच घ्या. नवख्याच्या तीन चुका ठरलेल्या. एक, तो उठाबशा काढतो. त्याला पाठ भिंतीकडे करून फूटभर अंतरावर उभा करायचा आणि ढुंगण मागे भिंतीला टेकवायला सांगायचं. गुडघे पुढे गेले तर भिंत लागतच नाही. दोन, तो वजन खांद्याने उचलतो. हँडलमधून टॉवेल ओवून दोन्ही टोकं हातात द्यायची. वर गेल्यावर हात, टॉवेल आणि बेल एका रेषेत राहिले तर जोर कमरेतून आला. बेल खाली लोंबली तर हातांनी ओढलं. तीन, खाली येताना तो फार लवकर वाकतो, बेल गुडघ्यांच्या खालून जाते आणि सगळा भार कंबरेवर पडतो. उपाय म्हणजे थांबणं: हात बरगड्यांना टेकेपर्यंत वाकायचं नाही.

तिन्ही चुका एकाच माणसात दिसल्या तरी सूचना एकच द्यायची. ती चार-पाच शब्दांची आणि मुख्य प्रशिक्षकाने वापरलेल्याच शब्दांत. मग तोंड मिटून पाच स्विंग बघायचे. मुख्य प्रशिक्षक ‘टाचा रोवा’ म्हणत असताना साहाय्यकाने कोपऱ्यात ‘आमच्या जिममध्ये आम्ही असं करतो’ सुरू केलं, की शिकणारा दोघांच्या मध्ये लोंबकळतो. जुन्या तालमीत वस्तादाच्या हाताखालचा पैलवान नवख्याचे जोर-बैठका असाच बघायचा, फारसं न बोलता. हात लावायचा तर विचारून. बहुतेक वेळा लागतच नाही. स्वतःची मूठ हवेत धरून ‘इथपर्यंत आण’ म्हटलं तरी भागतं.

क्लीनमध्ये मनगटाच्या वर काळेनिळे डाग पडले, तर ‘सवय होईल’ हे उत्तर नव्हे. मूठ घट्ट आवळलेली असते, बेल लांबून फिरते आणि हातावरून उलटून आदळते. कोपर बरगड्यांजवळ ठेवून, मूठ सैल करून हात हँडलमध्ये आत सरकवायचा. गेट-अपला आधी बंद मुठीवर बूट ठेवून करून घ्यावं. वजन आल्यावर साहाय्यक त्या हाताच्या बाजूला, दोन्ही पंजे मनगटाभोवती पण न टेकता. आणि आधीच बजावून ठेवायचं: तोल गेला तर बेल वाचवायची नाही, स्वतः बाजूला व्हायचं.

स्नॅच-परीक्षेत साहाय्यकाचा कस लागतो. कोपर सरळ, गुडघे सरळ, बेल डोक्यावर क्षणभर स्थिर: एवढं झालं तरच आकडा मोठ्याने म्हणायचा. नाही झालं तर ‘नाही’ आणि आधीचाच आकडा. 71 नंतर चुकीचा स्नॅच आला तर पुन्हा 71. मिनिटाला 20 चा वेग पुरतो. पहिल्याच मिनिटात 30 मारणारा चौथ्या मिनिटाला बेल खाली ठेवतो, हे त्याला आदल्या दिवशी सांगायला हवं. तळहाताचे घट्टे आदल्या रात्री वज्रीने घासून घ्यायला हवेत आणि पकडीसाठी हाताला लावलेल्या खडूचे थर हँडलवर साचू द्यायचे नाहीत. दया येऊन पाच-सहा स्नॅच ‘सोडून दिले’, तर तोच माणूस पुढच्या महिन्यात दुसऱ्यांना अर्धवट स्नॅच शिकवतो.

रोज संध्याकाळी आपल्या गटातल्या प्रत्येकाबद्दल दोन ओळी लिहून मुख्य प्रशिक्षकाला द्याव्यात. कुणी नापास होण्याच्या वाटेवर असेल तर त्याला ते दुसऱ्या दिवशी दुपारी कळायला हवं, शेवटच्या संध्याकाळी निकालाच्या वेळी नव्हे. सगळ्यांसमोर नव्हे, बाजूला घेऊन. आणि मधल्या सुट्टीत 32 किलोच्या कसरती दाखवून टाळ्या घेण्याचा मोह आवरावा. ते पाहून कुणीतरी गार अंगाने तेच करायला जातो.

सहा ते आठ जणांमागे एक साहाय्यक, याहून विरळ व्यवस्थेत वरचं काहीच नीट होत नाही. शिबिराचे पैसे भरण्याआधी वाचकांनी आयोजकांना विचारावं: साहाय्यक किती, आणि त्यांनी स्वतः ही परीक्षा शेवटची कधी दिली?

आपले,
केटलबेल प्रशिक्षकांचा एक गट, पुणे