बोस्टनचा चहा महागला नव्हता

महोदय,

रविवारच्या पुरवणीतल्या अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धावरच्या लेखात 'कर वाढून चहा महागला, म्हणून बोस्टनकरांनी तो समुद्रात फेकला' असं म्हटलंय. चाळीस वर्षं सांगलीत घाऊक चहापत्ती विकली, म्हणून राहवत नाही. १७७३ साली तिथला चहा उलट उतरणार होता.

ईस्ट इंडिया कंपनी (बंगालला पिळणारी तीच) तेव्हा कर्जात होती आणि लंडनच्या गोदामांत तिचा माल पडून होता. पार्लमेंटने तो थेट अमेरिकेत विकायची मुभा दिली, इंग्लंडातली जकातही माफ केली. चोरट्या डच चहापेक्षाही तो स्वस्त पडला असता. फक्त पौंडामागे तीन पेन्सचा जुना कर ठेवला. त्याच्या जोडीचे बाकीचे कर १७७० मध्येच उठवले होते. हा एक ठेवला तो कर लावायचा हक्क आमचा, हे दाखवायला. ज्या पार्लमेंटने तो लावला, तिथे इंग्रजांच्या अमेरिकेतल्या वसाहतींचा एकही सभासद नव्हता.

आमच्या बाजारात एकदा एका कंपनीने जुन्या विक्रेत्यांना डावलून मर्जीतल्या दोघांना माल दिला. भाव कमी होता, तरी आम्ही आठवडाभर तिचं एक खोकं उतरू दिलं नाही. बोस्टनमध्ये माल ज्या मोजक्यांच्या नावे आला, त्यांत गव्हर्नर हचिन्सनची दोन मुलं होती. आता बोला!

'डार्टमथ' जहाज २८ नोव्हेंबरला लागलं. वीस दिवसांत जकात भरली नाही तर माल जप्त होणार, म्हणजे मागच्या दाराने बाजारात येणार. गव्हर्नर जहाज परत सोडेना. मुदत संपायच्या आदल्या रात्री, १६ डिसेंबरला, तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या पाण्यात गेल्या.

नुकसानभरपाईवर भागलं असतं. पण लंडनने अख्खं बंदर बंद केलं आणि गावसभा वर्षातून एकदाच, जास्त हवी तर गव्हर्नरला विचारून, असा कायदा केला. पेट्यांना हातही न लावलेले हमाल, खलाशी घरी बसले. त्यांच्यासाठी दूरच्या साउथ कॅरोलिना या दुसऱ्या वसाहतीतून तांदूळ आला. तोवर या वसाहतींचं आपसात फारसं जमत नव्हतं.

एवढी दुरुस्ती छापावी. आणि चित्राखाली 'भारतीय चहा' लिहिलंय, तेही काढा. आसामात तेव्हा मळेच नव्हते. बुडालेला सगळा माल चिनी होता.

— एक निवृत्त चहा व्यापारी, सांगली