काकू, हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय

प्रिय काकू,

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच विषय बदलता, "ते राहू दे गं, आत्ता शटलवर काय आहे ते सांग", म्हणून शेवटी लिहूनच काढतेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण गेल्या काही महिन्यांत आपल्या टॅटिंगवाल्या (टॅटिंग म्हणजे शटल नावाच्या होडीसारख्या छोट्या रिळावर दोरा गुंडाळून गाठींनी लेस करणं) मैत्रिणींनी जे काय काय करून दाखवलंय ते बघताना मला प्रत्येक पीसमधे तुमचा हात दिसतो.

नागपूरच्या ताईंनी नातीच्या बारशाला केलेलं झबलंच घ्या. ८० नंबरचा दोरा म्हणजे जवळजवळ शिवणाच्या दोऱ्याइतका बारीक, त्यात गळ्याला आणि बाह्यांना इवलीशी कड, एक रिंग (गाठींचं ओढून बंद केलेलं कडं), एक चेन (गाठींची कमान), बास. मणी एकही नाही, कारण बाळ सगळं तोंडात घालतं हे तुम्ही आधीच बजावलं होतं, आणि पिकोचे, म्हणजे दोन गाठींमधे सोडलेल्या दोऱ्याचे, लूपही अगदी छोटे ठेवायला लावलेत कारण मोठ्या लूपमधे बाळाचं बोट अडकतं. कड वेगळी करून मग कापडाला हलक्या टाक्यांनी शिवायची, म्हणजे झबलं लहान झालं की तीच कड काढून दुसऱ्याला लावता येते, हेही तुमचंच. टॅटिंगची गाठ सहजी उसवत नाही त्यामुळे ही कड त्या पोरीच्या पोरीलाही वापरता येईल, मला खरंच असं वाटतं.

मग वडोदऱ्याच्या वहिनींची दिवाळीची रांगोळी. लांबलांब चेन करून त्या एकमेकींच्या वरून खालून ओवून घेतल्या आणि मग टोकं जोडली, सेल्टिक पद्धतीचं टॅटिंग म्हणतात तसं, पण दिसताना अगदी आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीतली वेलांटी! लाल आणि पिवळा दोरा, साबुदाण्याची पातळ खळ, थर्माकोलवर टाचण्या लावून ताणून वाळवली आणि मधोमध पणती. माझ्या मते आपल्यातलं आत्तापर्यंतचं सगळ्यात देखणं काम ते, आणि हे मी बाकीच्यांच्या कामाबद्दल पूर्ण आदर ठेवून म्हणतेय. बेळगावची आपली कॉलेजवाली तर स्प्लिट रिंगपर्यंत पोचली, दोन शटल घेऊन अर्धी रिंग एकीने अर्धी दुसरीने, त्यामुळे दोरा न कापता पुढच्या रिंगवर जाता येतं, त्याचे कानातले करून नवरात्रात नऊ रंगांचे घातले तिने.

आता हे सगळं कुठून आलं ते सांगते, कारण नवीन आलेल्यांना माहीत नाही. टॅटिंगमधली खरी मेख म्हणजे फ्लिप. गाठ आपण बांधतो शटलच्या दोऱ्याने, पण ती बसायला हवी हातावरच्या दोऱ्याची, शटलचा दोरा ताठ ओढला आणि डाव्या हाताची बोटं जरा सैल सोडली की गाठ या दोऱ्यावरून त्या दोऱ्यावर जाते, आणि गेली तरच ती सरकते, नाहीतर रिंग बंदच होत नाही. व्हिडिओ कितीही बघा, क्षणात होऊन जातं आणि काय झालं ते दिसतच नाही, निम्म्या बायका इथेच सोडून देतात. तुम्ही मात्र व्हिडिओ कॉलवर शटलवर लाल दोरा आणि हातावर पांढरा घ्यायला लावलात, दोन्हीची टोकं एकत्र बांधायला लावलीत आणि म्हणालात, माझ्या हाताकडे बघू नकोस, रंग बघ. गाठी पांढऱ्या दिसल्या तर झालं, लाल दिसल्या तर फ्लिप झाली नाही. इतकं साधं! आपल्याकडच्या कितीतरी जणी त्या लाल-पांढऱ्या पट्टीवर शिकल्यात, आणि बऱ्याच जणींनी ती पहिली पट्टी जपून ठेवलीय.

आणि शटल मिळत नाही म्हणून कोणी थांबू नये यासाठी जुन्या प्लॅस्टिक कार्डातून चपटं शटल कापायचा कागदी साचा तुम्ही प्रत्येकीला पोस्टाने पाठवलात, स्वतःच्या पैशाने. यावर तुम्ही मला बोलू देत नाही म्हणून इथे लिहितेय.

पण मला सगळ्यात जास्त आभार मानायचेत ते तुमच्या दोन नियमांसाठी. पहिला, फोटो टाकला की दोऱ्याचा नंबर आणि गाठींचा हिशोब खाली लिहायचाच. ५-५-५-५ लिहिलं की पाच डबल स्टिच (टॅटिंगची मूळ दुहेरी गाठ), पिको, परत पाच, असं कोणालाही कळतं, आणि जिथे मागच्या रिंगला जोडायचं तिथे अधिकचं चिन्ह. त्यामुळे आपल्यात "कसं केलं ते नाही सांगणार" हा प्रकार कधी आलाच नाही, एकीने केलं की आठवड्याभरात चौघी करतात. दुसरा नियम, डिझाइन जिचं तिचं नाव द्यायचं, आणि विकत घेतलेली पीडीएफ फॉरवर्ड करायची नाही. सुरुवातीला काहीजणींना हे कडक वाटलं, मला नाही वाटत, एकेका डिझाइनमागे कोणीतरी कितीतरी दोरा वाया घालवलेला असतो. फुकट हवं असेल तर कॉपीराइट संपलेले जुने पॅटर्न आहेतच, ते तुम्ही स्वतः शोधून दिलेत, आणि त्याच्याबरोबर गोष्टीही, की १८५० च्या आधी रिंगा पिकोने जोडत नव्हते तर वेगवेगळ्या करून सुईने शिवायचे, आणि रोमानियाची राणी एलिझाबेथ, जी कार्मेन सिल्वा या नावाने लिहायची, तिला टॅटिंगचं केवढं वेड होतं आणि १९१० मधे लंडनला निघालेल्या एका पुस्तकात तिच्या हातचं काम छापलंय. राणीला जमलं ते आपल्याला का नाही, असं तुम्ही म्हणालात तेव्हा आमची कॉलेजवाली किती खूश झाली होती!

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बारीक काम थोडे दिवस बंद ठेवायला सांगितलंय, तर प्लीज ते ऐका. तोवर आम्ही सगळ्या मिळून तुमच्यासाठी टेबल रनर करतोय, अँकर कंपनीचा २० नंबरचा पांढरा दोरा, प्रत्येकीचा एकेक चौकोन. एकच पॅटर्न असून कोणाचा हात घट्ट कोणाचा सैल त्यामुळे चौकोन लहानमोठे येतायत, म्हणून पिकोसाठी पुठ्ठ्याची एकाच मापाची पट्टी सगळ्यांना दिलीय आणि शेवटची फेरी, म्हणजे सगळे चौकोन जोडणारी, नागपूरच्या ताई एकट्या करणार, म्हणजे फरक त्या चेनमधे सांभाळून घेता येईल. सरप्राइज ठेवणार होतो पण तुमच्या टेबलाचं माप आम्हाला कोणालाच माहीत नाही, तेवढं काकांना मोजायला सांगून कळवा.

तुमची,
डोंबिवलीवाली