आबांनी मोरीचं विचारलं

शिपली, इंग्लंड,
23 जून

प्रिय दत्त्या,

आठ महिने झाले, पत्र नाही की फोन नाही. दिवाळीला तू एवढं लांबलचक लिहिलंस आणि मी त्यावर नुसता अंगठा टाकला, तोही तीन दिवसांनी. शिव्या द्यायच्या असतील तर आधी देऊन घे. झालं? आता वाच. हे फोनवर सांगता येत नाही, कारण माझं बोलणं तू हॉटेलातल्या सगळ्या बाकाला ऐकवतोस, आणि इकडे मी फोन उचलला की आबा शेजारी येऊन बसतात. कागद काही त्यांना वाचता येत नाही.

तब्येती ठीक. माझं बीपी गोळीवर, सुनंदाची कंबर थंडीत धरते, आबांचा मोतीबिंदू तिकडे आल्यावर.

आबा फेब्रुवारीत आले ते तुला माहीतच आहे. पहिले दोन महिने मी दुसऱ्यांदा हे असलं करणार नाही असं रोज म्हणत होतो. माणूस खिडकीत बसायचा. विचारलं, जेवलात? बरं. फिरायला येता? बरं. थंडी वाजते का? बरं. सई एकदा म्हणाली, आजोबांना एवढा एकच शब्द येतो का? ज्या माणसाने रात्री वाड्यावर जाळापाशी बसून आपल्याला लांडग्याच्या गोष्टी सांगितल्या, तुझी चड्डी ओली होईपर्यंत सांगितल्या, त्याच्याबद्दल माझी पोरगी हे म्हणते.

इथून चालत पंधरा मिनिटांवर सॉल्टेअर आहे. टायटस सॉल्ट नावाच्या गिरणीवाल्याने वसवलेलं गाव. लिव्हरपूलच्या गोदामात अल्पाकाच्या (दक्षिण अमेरिकेतलं लोकरीचं जनावर) लोकरीच्या गाठी पडून होत्या, कुणी हात लावेना, त्या याने घेतल्या अशी गोष्ट सांगतात. सुताचा ताणा आणि अल्पाकाचा बाणा घालून त्याने चकचकीत कापड काढलं, त्यावर पैसा केला आणि 1853 मध्ये ही भलीमोठी गिरणी उघडली. बागेत त्याचा पुतळा आहे आणि अल्पाकांचेही आहेत. मार्चमध्ये आबांना तिथे नेलं, तर मालकाच्या पुतळ्याकडे ढुंकूनही न बघता ते दगडी अल्पाकासमोर उभे राहिले. म्हणाले, "उंटाचं पोर दिसतंय. थंडीनं वाढलं न्हाई." दोन महिन्यांतलं सगळ्यात मोठं वाक्य.

मग एप्रिलात एका रविवारी कालव्याच्या कडेने जाऊन वर टेकाडाला लागलो. इथे शेतांना आपल्या तालींसारखे दगड रचून बांध घालतात, चुना नाही, माती नाही. आबा चालता चालता थांबले. मला काही ऐकू येईना. ते म्हणाले, "कोण कन्हतंय?" बांधापलीकडे अकरा अल्पाका उभे होते, माना वर करून आमच्याकडे बघत, आणि सगळे मिळून हलकं हुंहुं करत होते. त्यांचा आवाजच तसा आहे. ओरडणं फार थोडं, बहुतेक वेळ नाकातलं गुणगुणणं. म्हातारी मनातल्या मनात जुनं गाणं आठवते ना, तसं.

आणि दत्त्या, आबांनी हुंहुं केलं. परत. त्यांच्याच सुरात.

एक पांढरी मादी बांधाला आली. आबांनी हात पुढे केला, डोक्याला नाही, मानेच्या बुडाला. आटपाडीच्या बाजारात करतात तसं दोन अंगठ्यांनी लोकर फाकवली, मुळापर्यंत बघितली, एक पुंजका चिमटीत धरून ओठांना लावला. तेवढ्यात मालकीण आली, गमबूट घातलेली, साठीची असेल. मी सॉरी सॉरी सुरू केलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती, आबांच्या अंगठ्यांकडे बघत होती. काही न बोलता तिने फाटक उघडलं.

तेव्हापासून आबा रोज तिथे. पाऊस असो, काही असो. बाईला मराठी येत नाही, आबांना इंग्रजी येत नाही, आणि दोघं दोन-दोन तास बोलतात. मी सुट्टीच्या दिवशी गेलो तर मध्ये उगाच लुडबुड केल्यासारखं वाटतं.

आबांचे निकाल तुला सांगितलेच पाहिजेत. एक, लोकर चांगली पण "हिला त्याल न्हाई." खरंच आहे. मेंढीच्या लोकरीला हात लावला की बोटं चिकट होतात, अल्पाकाची लोकर कोरडी. दोन, वरच्या जबड्याला पुढचे दात नाहीत, म्हणजे चरण्याची रीत आपल्या मेंढरांचीच. तीन, पायाला खूर नाही, खाली मऊ गादी आणि पुढे दोन नखं, म्हणजे उंटच. (इथे ते बरोबर निघाले. उंटाच्याच घराण्यातले हे.) चार, आणि यावर ते ठाम आहेत, शेतात बसवायला हे जनावर फुकट. का, तर सगळा कळप एकाच कोपऱ्यात जाऊन लेंड्या टाकतो. शेतकरी एका कोपऱ्याचे पैसे देईल का? बाईला हे मी इंग्रजीत समजावून सांगितलं, की आमच्याकडे मेंढरं रात्री रानात बसवतात आणि खताच्या बदल्यात धान्य, पैसे घेतात. ती इतकी हसली की तिला बांधाचा आधार घ्यावा लागला.

त्यात एक लामा पण आहे. अल्पाकाचाच भाऊबंद, पण बराच उंच, कान केळ्यासारखे वाकडे. तो राखणीला ठेवलाय, कोल्हा आला तर अंगावर जातो. आबांना हे अजून पटलेलं नाही. कुत्रं पाळायचं सोडून कुणी राखणीला उंट ठेवतं का? पहिल्याच दिवशी मी त्या लामाच्या आणि त्याच्या बादलीच्या मध्ये उभा राहिलो आणि त्याने माझ्या जॅकेटवर पोटातलं हिरवं आंबट काढून टाकलं. हेडमास्तरांच्या पानाच्या पिचकारीनंतर असं काही अंगावर आलं नव्हतं.

सई रात्री त्यांना टॅबवर पेरू आणि बोलिव्हियाचे फोटो दाखवते. अँडीज पर्वतात चार हजार मीटरवर धनगरच राहतात म्हण ना. सहा हजार वर्षांपासून ही जनावरं पाळतात. लामावर पंचवीस-तीस किलो लादून मिठाचे तांडे खाली खोऱ्यात न्यायचे आणि बदल्यात मका आणायचा. ओझं जास्त झालं की लामा खाली बसतो, मग मारा की ओढा, उठत नाही. कानाला रंगीत लोकरीचे गोंडे. आबा म्हणाले, "आपुन पाडव्याला एडका रंगवतो, त्येंचं कानाला. येकच की." आता सई त्यांना दुसरा शब्द येतो का असं विचारत नाही.

बाईने एका नर पिल्लाला हात लावायला आम्हाला मनाई केली आहे. आई दूध देईना म्हणून ते बाटलीवर आहे. नर पिल्लू माणसांत फार वाढलं की मोठेपणी माणसालाच कळपातला दुसरा नर समजतं आणि अंगावर धावून येतं. मी हे आबांना सांगायला गेलो तर म्हणाले, "आपला राजा इसरलास व्हय?" राजाला बाटलीने दूध कोणी पाजलं? मी. पुढचा दात कोणाचा पडला? तुझा. चाळीस वर्षं तू म्हणतोस मी एडका तुझ्यावर सोडला. बघ, शास्त्रीय कारण निघालं. माझी माफी मागायला हरकत नाही.

आता मुद्द्यावर येतो. एवढं सगळं लिहिलं ते मुद्दा टाळायलाच, तुला कळलं असेल.

मागच्या शनिवारी कातरणी झाली. इथे कातरणारे गावोगाव फिरतात, मशीन घेऊन. अल्पाकाला चटईवर आडवं करतात, पुढचे पाय एका दोराला, मागचे दुसऱ्याला, आणि ताणून धरतात. दहा मिनिटांत काम संपतं, त्यातच नखं कापायची, दात वाढलेले असतील तर तेही. पाठीवरची मऊ लोकर वेगळी, मान आणि पायाची वेगळ्या पिशवीत. एकेका जनावराची दोन-तीन किलो. आपल्याकडे वर्षात दोनदा कातरून किलोभर निघायची मारामार, आणि निघाली तरी आता घेतो कोण. बाईने एका पिल्लाची पहिली लोकर आबांच्या ओंजळीत ठेवली, ही सगळ्यात मऊ म्हणाली. आबा म्हणाले, "जावळ." मी भाषांतर केलं नाही. त्या लोकरीत हात घालून ते तसेच उभे राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मोरीच्या जुळ्यांचं जावळ कवाच कातरून झालं असंल. आता मोठी असतील. ऑगस्टात गेलो की दत्ताला घिऊन जतला जाऊन येतो."

दत्त्या, माझे पाय गार पडले.

आई गेली तेव्हा मोरी धरून बेचाळीस मेंढरं होती. मी फोनवरून म्हणालो, विकून टाक. तू म्हणालास, म्हातारं मरंल लेका. मी म्हणालो, तुझ्या बापाची आहेत का मेंढरं. हे वाक्य मी चार वर्षं गिळतोय, आज कागदावर टाकतो, माझं चुकलं. पण टेम्पो तूच आणलास. कुणाला दिली ते तुला माहीत, मला माहीत, आणि ती पुढे कुठे गेली हेही दोघांना माहीत. जतकडच्या धनगराला पाळायला दिली हे मी सांगितलं, एवढंच. मी एवढ्यावरच थांबणार होतो! त्या धनगराचं नाव बिरू, त्याला दोन पोरी, मोरी तिथे रुळली, मोरीला जुळं झालं, हे सगळं तू केलंस. वर्गात इतिहास पण असाच शिकवतोस का? दर पावसाळ्यात आबांना एक नवी बातमी. मी तेव्हा काही बोललो नाही कारण त्या बातमीवर ते आठ दिवस जेवायचे. आता ते जतला निघालेत.

यातलं खरं अवघड पुढे आहे. त्याच दिवशी चहा पिताना आबांनी मला सांगितलं, बाईला विचार, म्हाताऱ्या जनावरांचं काय करती. ती म्हणाली, काही नाही, मरेपर्यंत इथेच. इथे ती लोकरीसाठी आणि लोकांना फिरायला न्यायला ठेवतात, आणि एकटं कधी ठेवायचं नाही, एकटं ठेवलं तर खात नाही. मी हे सगळं नीट सांगितलं. आबांनी कप खाली ठेवला. "आपल्यात तसं कुटं परवडतं," म्हणाले. "खाटकाला द्यायचं आन् पाठ फिरवून घरी यायचं."

हे ते बाईला म्हणाले की मला?

त्या रात्रीपासून मी झोपलेलो नाही. आटपाडीच्या बाजारात पन्नास वर्षं घातलेला माणूस. दलालाचा टेम्पो आणि धनगराचं येणं यातला फरक त्याला कळला नसेल? मेंढरं पाळायला नेणारा माणूस आधी वाड्यावर येऊन बसतो, दात बघतो, कास बघतो, दोन दिवस भाव करतो. आपला माणूस आला आणि मोजून गेला. मग कळलं असेल तर चार वर्षं तुझ्या जुळ्यांच्या गोष्टी का ऐकतात? आणि कळलं नसेल तर ऑगस्टात तू त्यांना मोटारसायकलवर बसवून कुठे नेणार? मी तुला सांगणार होतो की बिरू कर्नाटकात गेला असं सांग. मग स्वतःचीच लाज वाटली. खरं सांगू म्हणतो तर सांगायचं कुणी? आणि कुठे, इथे की तिथे? इथे सांगितलं तर ते परत खिडकीत बसतील. तिथे गेले तर घरात एकटे, आणि मी इथे फोनवर.

व्हिसा वाढत नाही, विचारून झालं.

बरं, तुझ्या प्रणालीला बारावीला ब्याऐंशी टक्के मिळाले म्हणे, अभिनंदन, पेढ्याचे पैसे माझ्याकडे लाग. बदलीचं काय झालं? गुडघा?

आणि तात्यांचा माग अजून खड्ड्यात आहे का, की तू त्या खोलीत मोटारसायकल लावतोस? बाईने आबांना मानेची-पायांची एक पिशवी लोकर दिली आहे. त्यांनी सुनंदाच्या लाकडी चमच्याच्या दांड्याला बटाटा खोचून चाती केली आहे आणि सूत काढत बसतात. आईचं काम, त्यांना काही येत नाही, एकीकडे सुतळी तर एकीकडे केस. त्याची घोंगडी करायची म्हणतात. तात्यांना विचार, तेल नसलेल्या लोकरीवर चिंचोक्याची खळ बसेल का. लवकर कळव.

तुझा,
सुऱ्या

ता. क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात आबा येऊन बसले. कुणाला लिहितोस? म्हटलं दत्ताला. चातीवरून नजर न काढता म्हणाले, "त्येला म्हनावं, जुळी झाली म्हनून सांगितलंस, एडकं का मेंढी त्ये सांगितलंच न्हाईस." आणि हसले की काय ते मला नीट दिसलं नाही, मान खाली होती.