जर्मन गाडी रस्त्यात बंद पडायची वाट बघू नका

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात जुन्या गाड्यांच्या जाहिराती मी रोज बघतो आणि त्यात आता जर्मन गाड्या लई दिसायल्यात. २०१० साली तेव्हाच्या औरंगाबादेत एकाच दिवशी १५० मर्सिडीज घेतल्या होत्या, देशभर गाजलं होतं ते, पण त्या शोरूमच्या नव्या कोऱ्या गाड्या होत्या आणि घेणारे मोठे उद्योजक होते. आता परभणी, हिंगोली, नांदेडकडं जे लोक घ्यायलेत ते साधे व्यापारी, बागायतदार, डॉक्टर लोक आहेत आणि गाडी दहा वर्षं चाललेली असती. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली, २०१८ ला सुप्रीम कोर्टानंही ती कायम केली, तेव्हापासून तिकडच्या कितीतरी गाड्या एनओसी घेऊन दुसऱ्या राज्यात विकल्या जायलेत. नव्या क्रेटाच्या निम्म्या पैशात बीएमडब्ल्यू दारात उभी राहती म्हणल्यावर माणूस घेणारच, त्यात त्याचं काही चूक नाही.

मी परभणीत गॅरेज चालवतो. मारुती, टाटा, महिंद्रा ही माझी रोजची कामं. जर्मन गाडी माझ्याकडं आली की मी आधी बघतो आणि हे काम आपलं आहे का नाही ते मालकाला स्पष्ट सांगतो, आणि मला जे सांगायचंय ते एवढंच की ही गाडी बंद पडायच्या कितीतरी आधी सांगत असती, आपण तिचं ऐकत नाही आणि मग इंजिनच्या बिलावर येऊन ठेपतं.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. जिंतूरकडचे एक कृषी सेवा केंद्रवाले दादा जर्मन डिझेल सेडान घेऊन आले, म्हणले एसी कमी मारायलाय, गॅस भरून द्या. बॉनेट उघडलं तर थर्मोस्टॅटच्या (इंजिनच्या पाण्याचा वॉल्व्ह) प्लास्टिकच्या घरापाशी (हाऊसिंग), जिथं पाईप बसतो तिथं, वाळलेल्या कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची) गुलाबी-पांढरी पापडी धरलेली. विचारलं, "दादा, कूलंटचा मेसेज यायलाय का?" तर म्हणले, "आठ दिवस झाले, ड्रायव्हर रोज सकाळी बाटलीभर पाणी टाकतो, मग जातो मेसेज." पाणी कुठलं तर बोअरचं! इंजिन गार होऊ दिलं आणि मग टाकीचं झाकण काढलं, आत पाणी गढूळ तांबूस आणि टाकीच्या आतून क्षार धरलेला. आपल्याकडचं बोअरचं पाणी किती जड आहे ते घरच्या गिझरची कॉईल बघितलेल्या माणसाला सांगायला नको. मी त्यांना म्हणलं, ही गाडी आता चालवत नेऊ नका, टो करून संभाजीनगरला न्या. त्यांनी ऐकलं. तिथं हाऊसिंग बदललं, पूर्ण सिस्टीम फ्लश केली, कंपनीच्या ग्रेडचं कूलंट भरलं आणि काही हजारात भागलं. तीच गाडी ४३ डिग्रीत समृद्धीवर १२० नं नेली असती तर इंजिनचं हेड वाकलं असतं, त्याखालचं गॅस्केट गेलं असतं, आणि मग लाखाच्या खाली काहीच नाही. या इंजिनात वॉटर पंप, थर्मोस्टॅट हाऊसिंग, टाकी यात प्लास्टिक बरंच असतं, उष्णतेनं ते कडक होतं आणि बारीक चीर पडती, त्यामुळं पाणी कमी होणं म्हणजे कुठंतरी गळतंय, नाहीतर इंजिनमधी जळतंय. एक्झॉस्टमधून पांढरा धूर आणि गोडसर वास यायला लागला तर ते आत जळायलंय. निळा धूर म्हणजे ऑईल.

लाईटचं पण तसंच. पिवळी चेक इंजिन लाईट स्थिर लागलेली असली तर घाबरू नका, पण दोन-चार दिवसात स्कॅन (गाडीच्या कॉम्प्युटरला मशीन जोडून दोष वाचणं) करून घ्या. तीच लाईट लुकलुकायला लागली म्हणजे मिसफायर आहे, एखाद्या सिलिंडरात पेट्रोल नीट जळत नाही, ते न जळलेलं पेट्रोल पुढं जाऊन धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं, तेव्हा हळू करा आणि थांबा. आणि लाल ऑईलकॅनची (ऑईलचं प्रेशर पडल्याची) लाईट लागली तर पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत नेतो असं म्हणू नका, जिथं आहात तिथंच बाजूला घेऊन इंजिन बंद करा. बऱ्याच बीएमडब्ल्यूला डिपस्टिकच नसती, ऑईल स्क्रीनवर बघावं लागतं, हे कितीतरी मालकांना माहीतच नसतं.

आवाज ऐकायचा असला तर थंडीतली सकाळ चांगली. आपल्या परभणीत डिसेंबरात पारा कधी कधी पाच-सहाच्या खाली येतो, अशा गार इंजिनला स्टार्ट मारल्यावर पहिले काही सेकंद साखळी खडखडल्यासारखा आवाज आला तर टायमिंग चेन (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी साखळी) ताणलेली असू शकती. बीएमडब्ल्यूच्या एन४७ डिझेल इंजिनात ती चेन मागं, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, म्हणजे काढायची तर अर्धी गाडी उतरवावी लागती, आणि ती तुटली तर इंजिनच जातं. म्हणून गाडी घेताना विकणाऱ्याला आधी गरम करून ठेवू देऊ नका.

फोक्सवॅगन-स्कोडाच्या सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवाल्यांनी रेल्वे गेटपाशी ब्रेक अर्धवट सोडून इंच इंच सरकणं बंद करावं, त्यात क्लच तापतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरला झटके बसायलेत किंवा गिअरचं अक्षर लुकलुकायलंय तर लगेच दाखवा, तेव्हा कधी कधी स्कॅनरनं गिअरबॉक्स नव्यानं जुळवून, म्हणजे नुसत्या अ‍ॅडाप्टेशनवर भागतं. एअर सस्पेन्शनची (हवेच्या फुग्यांवर उभी राहणारी) मर्सिडीज सकाळी एका कोपऱ्याला बसलेली दिसली तर ते गळायलंय, आज नाही केलं तर हवा भरणारा कॉम्प्रेसरही मागोमाग खराब होतो.

डीपीएफचा, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, त्रास आपल्या तालुक्याच्या गावात जास्त होतो कारण गाडी घर ते दुकान, दुकान ते घर एवढीच फिरती. फिल्टरमधली काजळी जाळायला गाडी हायवेला पंधरा-वीस मिनिटं सलग पळायला लागती. गाडी बंद केल्यावरही फॅन जोरात फिरायलाय, आयडलिंग वाढलंय, अ‍ॅव्हरेज एकदम पडलंय, तर ती काजळी जाळायचं काम मधीच तुटायलंय, आणि ऑईल कमी व्हायच्या ऐवजी वाढलंय, तर ऑईलमधी डिझेल उतरायलंय. काही जण फिल्टर कापून आतून पोकळ करून देतात. ते बेकायदेशीर आहे आणि त्या धुरात आपलीच लेकरं शाळेत जातात, माझ्याकडं कुणी आलं तर मी सरळ नाही म्हणतो.

आता माझ्यासारख्या मिस्त्रीकडं काय करावं? पंक्चर, वायपर, केबिन फिल्टर, एअर फिल्टर, बरोबर ग्रेडचं ऑईल, एवढं खुशाल करा. पण मागचे ब्रेक पॅडसुद्धा इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असला तर स्कॅनरनं सर्व्हिस मोडला टाकल्याशिवाय बदलायचे नसतात, क्लॅम्प लावून जोर केला की कॅलिपरची मोटर तुटती, आणि हे मी होताना बघितलंय. बीएमडब्ल्यूची बॅटरी बदलली तर गाडीच्या कॉम्प्युटरला नोंद करून द्यावी लागती, नाहीतर ती नव्या बॅटरीला जुनी समजून चार्ज करत राहती. ऑनलाईन मिळणारा स्वस्तातला ब्लूटूथ डोंगल इंजिनचे दोषाचे कोड वाचतो, गिअरबॉक्स, एबीएस, एअरबॅगचं त्याला बहुतेक वेळा काही कळत नाही. आणि कोड आला म्हणजे पार्ट खराब असं नसतं, सेन्सरचा कोड येतो आणि खरं दुखणं फाटलेल्या पाईपात असतं, ते ओळखायलाच शिकलेला माणूस लागतो. जुनी गाडी घ्यायच्या आधी असा माणूस असलेल्या गॅरेजात पूर्ण स्कॅन करून घ्याच, मीटर मागं फिरवलेलं असलं तरी बऱ्याच गाड्यांत किलोमीटर गाडीतल्या दुसऱ्या कॉम्प्युटरमधी नोंदलेले सापडतात.

आणि खरा प्रश्न हाच आहे की असं ठिकाण आमच्यापासून किती लांब आहे. परभणीवरून संभाजीनगर दोनशे किलोमीटरच्या आसपास, नांदेडवाल्यांना त्याहून लांब, टोइंगचं भाडं ऐकूनच माणूस म्हणतो चालू द्या जसं चालायलंय तसं. म्हणून लाईट लागलेल्या गाड्या महिनोन्‌महिने फिरायल्यात, यात सगळाच दोष मालकाचा नाही. संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाच्या गाड्या बनायलेत, नंतर ऑडीपण तिथंच जुळायला लागली, म्हणजे ही गाडी आमच्या मराठवाड्यातच तयार होती आणि तिला हात लावणारं पोरगं परभणीच्या आयटीआयमधून बाहेर पडत नाही. मेकॅनिक मोटर व्हेईकलचा ट्रेड दोन वर्षांचा आहे, पोरं हुशार आहेत, माझ्याकडं शिकायला येतात ती स्कॅनरचा स्क्रीन माझ्याहून लवकर समजून घेतात. प्रत्येक जिल्ह्याच्या आयटीआयला एक चांगला डायग्नोस्टिक स्कॅनर, शिकायला एक अशी जुनी गाडी आणि कंपनीतून येऊन शिकवणारा एखादा माणूस मिळाला तर दोन-तीन वर्षात प्रत्येक जिल्ह्याच्या गावाला निदान एक तरी खात्रीचं गॅरेज उभं राहील. तुमच्या प्रतिनिधीनं आयटीआयच्या प्राचार्यांना आणि शेंद्र्याच्या कंपन्यांना भेटून यावर एक सविस्तर बातमी करावी ही विनंती, माहिती लागली तर मी माझ्या गॅरेजवर कधीही द्यायला तयार आहे.

आपला नियमित वाचक,
एक गॅरेजचालक, परभणी